तारीख कोणत्या गावची

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

आलं ते — तांदूळ वीस पौंड, २१.९९ डॉलर. काळे तीळ दोन पाकिटं, ६.९८. कापूर ४.४९ (मागच्या खेपेला ३.९९ होता!). वाती २.९९. एकूण ३६.४५. शिवाय दारात एक खोकं — केयाने मागवलेला स्कॅनर. किंमत विचारली तर म्हणे, आई, लीव्ह इट. आतल्या पावतीवर पाहिली. ११९! ती बेरजेत धरली नाही, तिच्या पैशाची आहे.

स्कॅनर माझ्या तिथीच्या वह्यांसाठी. चौतीस वर्षं झाली, इथल्या, शिकागोच्या मराठी मंडळातल्या घरांतली गेलेली माणसं मी लिहीत आले. नाव, गाव, तारीख, तिथी. पितृपक्ष जवळ आला की फोन — काकू, आमच्या बाबांची तिथी कधी येते? मग मी वही काढायची, कॅलेंडर काढायचं, सांगायचं. मागच्या वर्षी नेमकं त्याच पंधरवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन. मी हॉस्पिटलात, वह्या कपाटात. तीन घरांत पान मांडलं गेलं नाही. ते मनाला लागून राहिलंय.

केया म्हणाली, मी करते काहीतरी. तिच्या ऑफिसात हेच काम आहे — यंत्राने माहिती कुठून काढायची, कशी काढायची, ते लिहून ठेवायचं. ह्या वह्या ती कॉम्प्युटरात घालणार. लोक आपापल्या फोनमधल्या एजंटला विचारणार, एजंट माझ्या वहीत बघून सांगणार. एजंट म्हटलं की मला विम्याचाच आठवतो, सायकलवरून यायचा. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "चला, पितरांनाही एजंट लागला."

माझं काम — वहीत काय आहे, काय नाही, कसं विचारायचं, हे नीट लिहून द्यायचं. केया म्हणते हा कागद माणसं वाचणारच नाहीत, यंत्रच वाचणार. अशा वाचकासाठी कधी लिहिलं नव्हतं. मॅट्रिकला मराठीत एकसष्ट होते. बघू.

सोमवार, ४ ऑगस्ट

पहिली वही झाली स्कॅन करून. पाठ धरली.

गुरुवार, ७ ऑगस्ट

उपास. साबुदाणा नको म्हटलं, नुसतं दूध घेतलं. संध्याकाळी केया आली, माझा कागद वाचला. मी सुरुवात केली होती, "ही वही श्रीकृपेने आणि मंडळाच्या विश्वासाने…" तिने तिथेच पेन ठेवलं. "आई, धिस इज अ स्पीच. त्याला काय कळणार यातून?"

मग एकेक रकान्यावरून उलटतपासणी. तारीख म्हणजे काय? मी म्हटलं, तारीख म्हणजे तारीख, माणूस गेलं ती. इथली की इंडियाची? अगं, मिरजेला गेलं तर मिरजेची, इथे शॉमबर्गला गेलं तर शॉमबर्गची, हे काय सांगायला हवं? "हवं. तू मनात धरतेस ते त्याला दिसत नाही. लिहिलंय तेवढंच दिसतं."

खरं आहे. आपण निम्मं मनातच धरतो. लिहिलं — तारीख ही माणूस ज्या गावी गेलं त्या गावची. लिहून झाल्यावर उगाच दोनदा वाचलं. का कोण जाणे.

पुढचं मात्र भराभर सुचलं. नाव सापडलं नाही तर "वहीत नाही" एवढंच सांगावं, जवळपासचं नाव उचलून देऊ नये. पत्ता, फोन नंबर कोणी मागितला तरी देऊ नये. अपघात, आजारपण असलं काही शेजारी लिहिलेलं असेल तर ते घरच्यांशिवाय कोणाला वाचून दाखवू नये. आणि काही जुळेना तर आपल्या मनाने ठरवू नये, वहीवालीला विचारावं. हे शेवटचं केयाला फार आवडलं. म्हणाली, ऑफिसमध्ये एवढ्या एका वाक्याला आम्हाला तीन मीटिंगा लागल्या असत्या.

मी विचारलं, त्याला चूक दिसली तर तो दुरुस्त करेल का? नाही म्हणे. त्याला नुसतं वाचता येतं, रीड-ओन्ली. मग मला एकदम समजलं. सोवळ्यातला स्वयंपाक! बघा, वास घ्या, पण शिवायचं नाही. केया इतकी हसली! तेही लिहू म्हणाली. मी म्हटलं, नको, यंत्राला कशाला आमचं सोवळं.

रविवार, १० ऑगस्ट

केयाला कागदात एक उदाहरण हवं होतं — असं विचारलं की असं उत्तर येतं. खोटं नको, खरंच घेऊ म्हणाली. मी लगेच म्हटलं, आपल्या मालिनीच्या वडिलांचं घे. दुसरी वही, पान चौतीस, मला पाठ आहे. इतकी पक्की नोंद अख्ख्या वहीत नसेल. तिच्यावरून मालिनीचं भावाशी भांडण होऊन बसलंय!

केयाने एजंटला विचारलं. तिने त्याला पंचांगही जोडून दिलंय. उत्तर मराठीत आलं, मी चष्मा लावून वाचलं. नोंदीत तारीख १९ नोव्हेंबर २०१३, गाव मिरज, तिथी कार्तिक वद्य द्वितीया. शेजारी "फोन रात्री ८" असं लिहिलेलं आहे. ही वेळ शिकागोची असेल तर मिरजेत तेव्हा २० तारखेची सकाळ होती, आणि त्या सकाळी तृतीया होती. हे जुळत नाही. मला ठरवता येत नाही, वहीवालीला विचारावं.

केया टाळ्या वाजवायची बाकी. "आई, इट वर्क्स! तुझ्याच रूलने पकडलं त्याने!"

मी ताक करायला उठले. ताक करायचं नव्हतंच.

सोमवार, ११ ऑगस्ट

मालिनीचा फोन आला. घेतला नाही. नंतर कळवलं, पूजेत होते. पूजा झालेली होती. देवासमोरच खोटं.

बुधवार, १३ ऑगस्ट

लिहून काढते म्हणजे मनातून उतरेल.

मालिनी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बहीण नाही मला, तिलाच मानलं. तिचे वडील मिरजेला गेले तेव्हा रवीने, तिच्या भावाने, फोन केला. आमच्याकडे रात्रीचे आठ. ती तशीच माझ्याकडे आली, मी तिच्यादेखत वहीत लिहिलं. १९ नोव्हेंबर. तिकडच्या कॅलेंडरात १९ खाली द्वितीया होती, तीही लिहिली. तारीख इकडची आणि तिथी तिकडची! आजवर शंभर जणींना मी हेच समजावून सांगितलंय की बाई गं, असं करू नका.

वर्षश्राद्धाला ती मुद्दाम मिरजेला गेली. द्वितीया धरून तिकीट काढलेलं. जाऊन बघते तर रवीने सगळं तृतीयेला ठरवलेलं, आणि तृतीयेला पहाटे तर हिचं मुंबईहून विमान. दोघांची जुंपली. तो म्हणाला, मी त्यांच्या उशाशी होतो. ती म्हणाली, आमच्याकडे वहीत लिहिलेलं आहे. तेव्हा रवी म्हणाला होता, "अमेरिकेच्या वहीला विचारून बाबा गेले नाहीत." ती श्राद्धाला न थांबता परत आली. नगरपालिकेचा दाखला त्याने दाखवला तर म्हणे, दाखल्यावर काय, तू सांगशील ती तारीख. तेव्हापासून बोलणं बंद. अकरा वर्षं होतील.

पण हेही एवढं नाही. मिरजेहून तिने मला फोन केला होता. "सुचित्राताई, वेळेचा फरक धरला होता ना?" मी पोळ्या करत होते. "हो, धरलाय की," म्हटलं. वही उघडून बघितलीसुद्धा नाही. मी लिहिलेलं चुकेल असं वाटलंच नाही.

चूक एकदा झाली ती झाली, घाईत. पण ते "हो"!

रविवार, १७ ऑगस्ट

आज पेन हातात घेतलं होतं. एका रेघेचं तर काम. १९ चे २०, द्वितीयेची तृतीया. निळी शाई, माझंच अक्षर. यंत्राला लिहिता येत नाही, लिहू शकणारी जगात मी एकटी. कोणाला कळणार होतं?

तेवढ्यात केया नवीन रकाना घेऊन आली. दुरुस्ती — आधी काय होतं, आता काय केलं, कधी, का. मी म्हटलं, हा कशाला? म्हणाली, कोणाच्या तरी फोनमध्ये जुनं उत्तर असेल ना आई, त्याच्या एजंटला कळायला नको का, की बदललंय आणि का बदललंय? नाहीतर दोघांची दोन उत्तरं, आणि दोघांनाही वाटणार आपलंच खरं.

मी पेनाला टोपण घातलं. तिला मालिनीचं भांडण माहीत आहे, माझं ते "हो" माहीत नाही. "का" या रकान्यात काय लिहायचं ते मलाच लिहावं लागणार.

मंगळवार, १९ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "मालिनीला सांगायच्या आधी बाकीच्या तपास. एकच असेल कशावरून?" चाळीस वर्षं मशिनचे सुटे भाग तपासले ह्यांनी, एक खराब निघाला की अख्खी पेटी उघडायचे.

शनिवार, २३ ऑगस्ट

चारशे बारा नोंदी. रोज सकाळी जप झाला की तीन तास. फोनची वेळ शेजारी लिहिलेली आहे का, गाव कोणतं, तारीख कोणाकडची. संशयाच्या सतरा निघाल्या. मालिनीचं सोडून सोळा घरी फोन केले. आधी देवाला हात जोडायचे, मग फोन.

नऊ बरोबर निघाल्या, लोकांकडे तिकडची पत्रं होती. पाच घरांत आधीच गुरुजींना विचारून सुधारून घेतलेलं, मला फक्त सांगितलं नव्हतं — वाईट वाटेल म्हणून! दोघांनी सांगितलं, काकू, आम्ही सगळ्यांचं सर्वपित्रीलाच करतो, आणि यंदा तर ती रविवारी आलीय, बेस्ट! पार्किंगसुद्धा मिळेल.

सोळा झाल्या. डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं. सतरावी राहिली, मालिनीची.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक एकवीस, दोन फुटले. मालिनी आरतीला आली होती, जास्वंदी घेऊन. तिच्याकडे कुंडीत लावलीय. लोक होते. सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मीच राहू दिलं.

शनिवार, ३० ऑगस्ट

उद्या गौरी. मालिनीबरोबर डेव्हनला, देशी बाजारात गेले भाज्या आणायला, गाडी तिची. तिथे पोचल्यावर पार्किंग काही मिळेना. ती एकेक गल्ली फिरत होती. मनात म्हटलं, आता गाडी उभी राहिली की ही उतरणार, माणसांत जाणार, आणि मी परत गप्प बसणार. चालत्या गाडीतच सांगून टाकलं. वही, फोनची वेळ, तारीख इकडची, तिथी तिकडची, रवी बरोबर होता. आणि तेव्हा तू मिरजेहून विचारलंस तर मी वही न उघडता हो म्हटलं, तेही.

दोन मोकळ्या जागा गेल्या, तिने गाडी लावली नाही. मला दिसत होत्या, पण सांगायचा धीर कुठला! एक बस आडवी आली तेव्हा कुठे तिने ब्रेक दाबला.

"सुचित्राताई," ती म्हणाली, "मी तुमच्या त्या 'हो'वर भावाला सोडलं."

मी म्हटलं, "हो." आणि ह्या खेपेचं "हो" खरं होतं.

मग जागा मिळाली. भाज्या घेतल्या, तिने तिच्या, मी माझ्या. एरवी एकत्र घेतो आणि वाटून घेतो. परत येताना तिने रेडिओसुद्धा लावला नाही. घरापाशी मी उतरले. माझी पिशवी मात्र तिने दारापर्यंत आणून ठेवली, लाल भोपळा होता म्हणून. आणि गेली.

वाटलं होतं रडू येईल. पण जेवले आणि अशी गाढ झोप लागली दुपारी! तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ह्यांनी चहा करून उठवलं. कबूल केलं म्हणून झोप लागली की मन निर्ढावलं — काय समजायचं?

सोमवार, १ सप्टेंबर

गौरी जेवल्या. सोळा भाज्या झाल्या. मालिनी हळदीकुंकवाला आली नाही. पंचवीस वर्षांत कधी चुकवलं नव्हतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

वहीत दुरुस्ती केली. खाडाखोड नाही, जुन्यावर एक आडवी रेघ, वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं — आधी १९ नोव्हेंबर, द्वितीया. आता २० नोव्हेंबर, तृतीया. दिनांक ३ सप्टेंबर २०२५. कारण — लिहिणारीने तारीख शिकागोची धरली, आणि विचारल्यावर न बघता बरोबर आहे असं सांगितलं.

केयाने वाचलं. "आई, लास्ट पार्टची गरज नाहीये. एजंटला काय त्याचं?" मी म्हटलं, तुझ्या एजंटसाठी नाही ते. तिने पान पुन्हा स्कॅनरखाली धरलं. मग काही न काढता होतं तसं घातलं. आज पहिल्यांदा वाटलं, पोरगी अमेरिकन असली तरी माझी आहे.

उदाहरण बदलायचं का, तिने विचारलं. नको म्हटलं. तेच राहू दे. चूक आणि दुरुस्ती दोन्ही दिसतील, वाचणाऱ्याला कळेल काय जपायचं ते. मग तो माणूस असो की यंत्र. फक्त नावं काढायला सांगितली. लोकांच्या घरचं आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

आज मंडळात वह्यांचं ते काम सुरू करून दिलं. नारळ फोडायचा का यावर चर्चा झाली! कशावर फोडणार? केयाच्या लॅपटॉपवर? शेवटी तिन्ही वह्यांना हळदकुंकू वाहिलं. केयाने दोन मिनिटं बोलून दाखवलं, मराठीत. मध्ये अडली, मी पुरवलं. मालिनी मागच्या खुर्चीत होती. पुढे बोलायला आली नाही. पण आली तरी होती.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी सातला फोन. मालिनी! दहा दिवसांनी.

"सुचित्राताई, आज करू की उद्या?"

आज पक्षातली द्वितीया, उद्या तृतीया. मी म्हटलं, थांब, वही उघडून सांगते. उघडली. पान चौतीस. अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं, दुरुस्तीसकट, कारणासकट. ती पलीकडे ऐकत होती. शेवटी म्हटलं, "उद्या."

"बरं," म्हणाली. मग पुढे, "मी मघाशी एजंटलाही विचारलं होतं. तोही उद्याच म्हणाला. कारणही वाचून दाखवलं त्याने. म्हटलं तुम्ही वाचून दाखवता का बघावं."

फोन ठेवला आणि तशीच देवापुढे जाऊन बसले. काही मागितलं नाही. नुसती बसले. हुश्श!

बुधवार, १० सप्टेंबर

मालिनीकडे गेले सकाळीच, मदतीला. भाताची खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. दोघींनी मिळून केलं, फारसं न बोलता. पण एकदा तिने मीठ बघायला सांगितलं, मी म्हटलं, अगं, आज चाखायचं नसतं आधी! तर हसली. स्वतःवरच हसली.

गुरुजींना मीच विचारलं, अकरा वर्षं चुकीच्या तिथीला झालं, त्याचं काय? नेपरव्हिलहून येतात, ट्रॅफिकमध्ये अडकून उशीर झालेला, घाईत होते. तरी बसून सांगितलं. म्हणाले, न कळत झालं ते पोचलं असं धरा, कळल्यावर नीट करा, आणि सर्वपित्रीला एक पान जास्त मांडा. एवढंच? एवढंच! मी काय काय प्रायश्चित्तं मनात धरून बसले होते. चातुर्मासभर एकभुक्त राहायचं ठरवलं होतं. घरी आल्यावर हे म्हणाले, बरं झालं, नाहीतर मलाही एकभुक्तच राहावं लागलं असतं.

पानं उचलल्यावर मी रवीचा विषय काढला. मालिनी म्हणाली, मी फोन करणार नाही. काय सांगू त्याला? अकरा वर्षं तू खरं बोलत होतास? त्याने फोन ठेवला तर? मी म्हटलं, चूक माझी आहे, कळवायचं तर मी कळवीन. तिने माझ्या वाटीत आणखी खीर वाढली. मी विचारलं, वहीत मिरजेचा पत्ता आहे तो तेव्हाचा, आता बदललाय का?

"तोच आहे," ती पटकन म्हणाली.

म्हणजे तिला माहीत आहे. कोणाकडून तरी विचारत असणार ती. नाही म्हणाली नाही, एवढं मला पुरे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रवीला पत्र टाकलं. फोन नंबर मंडळात कोणाकडे तरी मिळाला असता, पण फोनवर माझी जीभ पुन्हा काहीतरी सोपं बोलून जाईल. पत्र लिहायला बसलं की दोनदा वाचून पाहता येतं. तीनदा फाडलं. शेवटी केयाच्या कागदासारखंच लिहिलं. काय झालं, कधी, कोणाच्या हातून, आता काय दुरुस्त केलंय. शोभा नाही, उपमा नाही. मालिनीने यंदा तृतीयेला केलं, आणि यापुढे वर्षश्राद्धालाही तृतीयाच धरणार असं म्हणाली आहे, हेही लिहिलं. तिने तुम्हाला कळवायला सांगितलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही, असं शेवटी लिहिलं. खरं तेच.

पोस्टातल्या बाईने विचारलं, ट्रॅकिंग हवं का? नको म्हटलं. पैसे वाचवायला नव्हे. रोज बघत बसले असते.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. एक पान जास्त मांडलं.

पंधरवडा संपला. मला फक्त नऊ फोन आले! दर वर्षी साठ-सत्तर येतात. केयाने यादी दाखवली. एकशे अडतीसदा विचारलं लोकांनी, अकरा वेळा "वहीत नाही" असं उत्तर गेलं, चार वेळा "वहीवालीला विचारा". त्या चारही मी बघून दिल्या. एक गृहस्थ देवळात भेटले, म्हणाले, काकू, तुमचा एजंट फार कडक आहे हो, आमच्या आजोबांचं नाव थोडं चुकलं तर ओळखच दाखवेना! मी म्हटलं, आधी नाव नीट पाठ करा. मनातून फार बरं वाटलं. मी असते तर भिडेखातर जवळपासचं काहीतरी सांगितलं असतं.

ऑपरेशन झालं तरी आता काळजी नाही. मी नसले तरी नाही. 

केयाने विचारलं, तुझं ते वहीवालीचं वाक्य ऑफिसच्या कागदात घेऊ का? घे म्हटलं. त्याला काय पैसे पडतात!

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. सोनं म्हणून इथल्या मेपलची पानं वाटली. मिरजेहून काही नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

रवीचं पत्र आलं. मालिनीला अजून वाचून दाखवायचंय, आधी इथे उतरवून घेते.

"सौ. सुचित्राताईंस सप्रेम नमस्कार. पत्र पोचले. चूक तुमची असेल, पण अकरा वर्षे फोन न करण्याची माझी स्वतःची आहे. पहिली दोन वर्षे मी तृतीयेला केले. तिसऱ्या वर्षी पान मांडताना मालूची फार आठवण झाली. त्या वर्षापासून मी बाबांचे द्वितीयेलाच करतो, तिच्या दिवशी. घरात कोणाला कारण सांगितलेले नाही. आता तुम्ही लिहिता, ती तृतीयेला करणार — म्हणजे आम्ही पुन्हा दोन दिवशी! कार्तिकातले श्राद्ध पाच आठवड्यांवर आले आहे. कोणती तिथी धरायची ते तिनेच ठरवावे, मी तीच धरीन. तिला विचारून उलट टपाली कळवावे."